दारातले चष्मेमामा

आकडा वाचल्याशिवाय आमच्या लेसरच्या खोलीत कुणालाही प्रवेश नसे. आत शिरणाऱ्यासमोर चष्मेमामांचा हात आडवा व्हायचा. त्या दिवशी चालू असलेल्या लेसरची तरंगलांबी, म्हणजे त्याच्या किरणाची ओळख सांगणारा आकडा, दारावर खडूने लिहिलेली असे. ती मोठ्याने वाचायची, मग हातातल्या चष्म्यावर कोरलेला, तो कोणता किरण अडवतो ते सांगणारा आकडा वाचायचा. दोन्ही जुळले तर हात खाली. पीएच.डी. झालेली माणसं तिथे बालवाडीतल्या मुलांसारखी उभी राहून आकडे वाचत.

मामा धायरीचे. तेव्हा धायरी हे खरोखरच गाव होतं, आणि मामा पहाटे शेतात पाणी धरून मग सायकलवरून कामावर यायचे. हुद्दा प्रयोगशाळा-सहायकाचा, शिक्षण नववी. चष्मे मात्र सगळे त्यांच्या ताब्यात. प्रत्येक चष्म्याला मामींनी जुन्या धोतराची मऊ पिशवी शिवलेली, पिशवीवर लाल दोऱ्याने आकडा. मामींना वाचता येत नव्हतं. मामा पेन्सिलीने आकडा काढून द्यायचे आणि त्या त्यावरून टाके घालायच्या. चष्म्यावर ओरखडा दिसला की मामा त्याचा पट्टा कात्रीने कापून टाकत, म्हणजे कुणी चुकूनही घालू नये. भांडारवाले ओरडत, "अहो, सरकारी वस्तू आहे ती!"

"वस्तू सरकारी हाय. डोळा कुनाचा हाय?" मामा विचारत.

एकदा खुद्द संचालक परदेशी पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांनी स्वतःचा झकपक चष्मा आणला होता. मामांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. आकडा कुठेच नव्हता.

"अहो, ते पाहुणे आहेत आपले," संचालक हळूच म्हणाले.

"मग? पाव्हण्याला डोळं नसत्यात का?" मामांनी पिशवीतून आपला चष्मा काढून दिला. पाहुण्यांनी तो निमूटपणे घातला आणि आकडासुद्धा वाचला. त्या दिवशी आम्ही सगळे कारण नसताना ताठ चालत होतो.

आता माझ्याकडे वळते, म्हणजे तुमची करमणूक होईल. मी एम.एस्सी.ला पहिली आलेली, नुकतीच लग्न झालेली, आणि या दोन्ही गोष्टी जगात फक्त माझ्याच बाबतीत घडल्यात असं समजणारी बाई होते. हातांत पाटल्या, बांगड्या, सगळं लखलखीत. मामा म्हणाले, "बाई, ह्यो तर आरसाच झाला हातात. किरण त्याच्यावर आपटून कुनाच्याबी डोळ्यात जाईल."

"सासूबाईंना मोकळे हात चालत नाहीत," मी बाणेदारपणे सांगितलं. शास्त्र वगैरे सगळं सासूबाईंच्या खाली.

दुसऱ्या दिवशी मामींनी शिवलेल्या दोन काळ्या बाह्या माझ्या टेबलावर होत्या, मनगटापासून कोपरापर्यंत घालायच्या. "सासूबाईंना सांगा, बांगड्या हातातच हायत. नुसत्या निजल्यात."

पण खरा पराक्रम पुढेच आहे. आमच्याकडे दोन लेसर होते. एकाचा प्रकाश हिरवा, डोळ्यांना दिसणारा. दुसऱ्याचा अवरक्त, म्हणजे न दिसणारा. हिरव्यासाठी गडद नारिंगी चष्मा, अवरक्तासाठी फिकट पोपटी. तो फिकट चष्मा जड होता, नाकावरून घसरायचा आणि त्यात मी बेडकासारखी दिसायचे. नारिंगीत मात्र मी स्वतःला नटीच वाटत असे. शिवाय माझं तर्कशास्त्र पक्कं होतं: जास्त गडद, तो जास्त सुरक्षित. मामा घसा कोरडा करून सांगत, "रंग नगा बघू, आकडा बघा." मी मनात म्हणे, नववीवाले मला शिकवतात!

एका दुपारी मामा चहाला गेले असताना मी नारिंगी चष्मा चढवून अवरक्त लेसर चालू केला आणि आरसे जुळवायला वाकले. तेवढ्यात सगळं बंद. मामांनी दारातूनच मुख्य बटण खाली पाडलं होतं. मी तरातरा आमच्या विभागप्रमुख सरांकडे गेले आणि लेखी तक्रार दिली की हे गृहस्थ संशोधनात अडथळा आणतात, यांची भांडारात बदली करा.

सर आले. मामांनी सरांना आणि मला फिकट चष्मे दिले, एक स्वतः घातला, माझा नारिंगी चष्मा स्टँडला बांधला, मागे फोटोचा काळा कागद लावला आणि लेसरचा एकच झटका सोडला. चट्ट असा आवाज झाला. नारिंगी काच जशीच्या तशी होती, आणि मागच्या कागदावर काळा थर उडून पांढरा जळका ठिपका. मग त्याच जागी फिकट चष्मा. दुसरा झटका. कागद काळाच राहिला.

मी तो ठिपका बघत उभी राहिले. तो माझ्या डोळ्यात पडायचा होता.

"मामा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

त्यांनी उजवा डोळा तळव्याने झाकला आणि डाव्याने माझ्याकडे पाहिलं. "आता तुमचं कपाळ दिसतंय, हनुवटी दिसती. नाक नाय. मधलं गेलं माझं. एका साहेबानं काळा गॉगल दिला होता, म्हनला, गडद हाय, चालंल." साहेबाचं नाव त्यांनी कधीच सांगितलं नाही. माझ्या तक्रारीबद्दलही पुढे कधी बोलले नाहीत. तक्रारीचा कागद मी सरांकडून परत घेतला आणि फाडला. तेवढी अक्कल तोवर आली होती.

मी त्या खोलीत तीस वर्षं काम केलं. माझ्या हाताखालून पुष्कळ मुलं-मुली शिकून गेली. एकाच्याही डोळ्याला इजा झाली नाही. पदव्या-बक्षिसांचं मी फारसं सांगत नाही, पण हे मात्र लग्नमुंजीत, अनोळखी माणसांनासुद्धा, गाठून सांगते. मामा निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. मी धायरीला गेले तेव्हा मामींनी माझे हात हातात घेतले आणि विचारलं, "डोळं बरं हायती ना?" त्या घरी माणसाची विचारपूस अशीच सुरू होत असावी.

गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. वारज्याच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नंतर आत प्रकाश टाकून खूप वेळ पाहिलं. "आजी, इतकी वर्षं लेसरवर काम केलंत म्हणता, आणि डोळ्याचा पडदा अगदी स्वच्छ आहे. फार काळजी घेतलीत हो!"

"मी? छे!" मी म्हटलं. "मी तर चांगली आंधळी व्हायला निघाले होते." आणि बाहेर पेशंट ताटकळत असताना त्यांना मामांची सगळी हकीकत ऐकवली. मग रिक्षात बसले आणि घरापर्यंत रस्त्यातल्या पाट्या वाचत आले, एक डोळा तळव्याने झाकून, एकदा उजव्या डोळ्याने, एकदा डाव्याने. सोसायट्यांच्या फाटकांवरची तिरकस सूचनांची बारीक अक्षरंसुद्धा सुटली नाहीत.