शेळी अजून कौलावर

लेक साडेतीन वर्षांची असताना तिला छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. खुब्याचा सांधा जागेवर नव्हता. ती जराशी लंगडायची तेव्हा आम्ही सगळे ‘नखरे करते’ म्हणून हसलो होतो, ते मला अजून टोचतं. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, तीन महिने असंच. दोन्ही पाय फाकवलेले, मधे आडवी काठी, आणि पलंगाच्या पायथ्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. नवरा अंबडच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. मी शिकवण्या बंद केल्या होत्या. इंदिरानगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर दर दोन तासांनी तिची कूस बदलायची आणि कॅसेट उलटायची, एवढंच माझं जग उरलं होतं. कंटाळा हा शब्द फार सौम्य आहे. मी अडकले होते आणि तसं म्हणायचीही चोरी होती, कारण खरी अडकलेली तर ती होती.

भेटायला येणाऱ्यांनी बालगीतांच्या तीन कॅसेट आणल्या होत्या. तिन्हींत तोच कीबोर्ड आणि एका सुरात किंचाळणारी पोरं. चार दिवस मी लक्ष दिलं नाही. पाचव्या दिवशी कान देऊन ऐकलं, तर प्रत्येक गाणं हुकूम सोडत होतं. नाचा, पळा, गिरकी घ्या, उडी मारा. लेक छताकडे बघत ऐकायची. त्या दिवशी तिनं विचारलं, “आई, न पळणारं गाणं नसतं का गं?” मला असा संताप आला की तिन्ही कॅसेट मी पिठाच्या डब्यामागे टाकून दिल्या.

त्या काळी कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दुकानदार गाणी भरून द्यायचा. मी यादी करायला बसले, पण मला आठवणाऱ्या प्रत्येक बालगीतात कुणी ना कुणी पळतच होतं. शेवटी आठ-नऊ संथ गाणी कशीबशी जमवली आणि खाली लिहिलं, ‘उरलेल्या जागेत काहीही चालेल, पण त्यात कुणी उड्या मारू नयेत.’

नवरा चिठ्ठी वाचून म्हणाला, “अगं, तो हसेल मला.”

“हसू दे,” मी म्हटलं.

कॅसेट भरून आली. दुसऱ्या बाजूची आमची गाणी संपली आणि एक कोंबडी ओरडली. मग कुणी बाई खोकली आणि गायला लागली. ना पेटी, ना तबला. घाई तर अजिबात नाही.

‘शेळी चढली कौलावर, उतरंना बाई उतरंना.’

मामा पाला घेऊन येतो, शेळी उतरत नाही. आजी मीठ घेऊन येते, तरी नाही. सगळे खाली उभे, ती वर नुसती रवंथ करत उभी. प्रत्येक कडव्यानंतर बाई थांबायची, जणू आपणही वर बघावं म्हणून. लेकीनं मान वळवून टेपकडे बघितलं. मीही हातातलं काम ठेवलं. शेवटी करडू येतं. ‘करडू म्हणालं आईला,’ एवढं बाई गायली आणि खट्. टेप संपली.

“काय म्हणालं करडू?” लेकीनं विचारलं. पुढचे आठ दिवस ती तेच विचारत होती.

नवऱ्याला दोनदा दुकानात पाठवलं, दोन्ही वेळा तो विसरून आला. मग शेजारणीला तासभर बसवून मीच रिक्षानं गेले. महिन्याभरात पहिल्यांदा घराबाहेर पडले होते. ऊन डोळ्यांना सहन होईना. दुकानदार पेठकडच्या खेड्यातला निघाला. ती गाणारी बाई म्हणजे त्याची आत्या. त्यानंच गावी जाऊन टेप केलं होतं.

“पुढचं भरून द्या,” मी म्हटलं.

“पुढचं नाय ताई त्याला,” तो म्हणाला. “आमचं पोर कुणी आजारी पडलं का आत्या हे गायची. रोज नवीन माणूस यायचं शेळीला बोलवायला. पोर उठलं का मगच शेळी उतरायची. आधी उतरवायची नाय, असं होतं तिचं.”

मी शेवट आणायला गेले होते आणि वर आणखी एक काम घेऊन आले. रिक्षात चडफडत बसले. गळा तर माझा असा की आरतीतही मी नुसते ओठ हलवते.

तरी त्या संध्याकाळपासून गायला लागले. गॅसवाला आला, उतरंना. पोस्टमन आला, घोटीची मावशी तांदूळ घेऊन आली, उतरंना. लेक हसायची, माणसं सुचवायची. पिठाच्या डब्यामागच्या कॅसेटची तिला आठवणसुद्धा झाली नाही.

एका दुपारी वीज गेली होती. प्लास्टरच्या आत खाज सुटून ती तासभर रडत होती, आणि रडत रडतच म्हणाली, “आज कोण आलं?”

“कुणी नाही,” मी ओरडले. “उतरली शेळी. संपलं गाणं.”

तिचं रडणं थांबलं. “मग माझं पण काढ,” ती म्हणाली आणि नखांनी प्लास्टरची कड उकरायला लागली.

मी तिचे दोन्ही हात धरले. मला रडू फुटलं. “चुकलं गं माझं. उतरली नाही ती. मी नीट बघितलं नव्हतं.”

तिनं हात सोडवून घेतले. “नीट बघत जा,” ती म्हणाली.

पुढे प्लास्टर कापलं. पाय काडीसारखे झाले होते. व्यायामात आणखी काही आठवडे गेले. मग एका सकाळी मी पलंगावर बसून चादर सारखी करत असताना ती कड धरून उभी राहिली, कड सोडली आणि चार पावलं टाकत गॅलरीच्या दारापर्यंत गेली. मी इतके दिवस जपून ठेवलेलं कडवं गायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिनंच ते एका दमात म्हणून टाकलं. ‘शेळी उतरली कौलावरनं, उतरली बाई उतरली.’ आणि ती खाली रस्त्यावर काय चाललंय ते बघायला लागली.

मी तिथंच बसून होते. पायथ्याच्या विटा अजून काढल्या नव्हत्या, त्यामुळे पलंग उंच, माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. दोन तासांनी कुणाची कूस बदलायची नव्हती. आता उठून काय करायचं, ते मला सुचेना.

दाराला धरूनच तिनं मागे वळून बघितलं.

“आई,” ती म्हणाली, “तू का नाही उतरत?”