दुसरा टेक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली, पण सांगितलं नाही. आणि आधीच बजावून ठेवतो, मी इथे रडायला बसलेलो नाही. रडण्याचं काम मी एकदा चोख केलंय. त्याबद्दलच तर बोलायचंय.

तुम्ही मला पाहिलं असेल. जुन्या ब्रिटिश मालिका — मोठाले बंगले, घोळदार झगे, आणि मागे पगडी घालून चहाचा ट्रे धरलेला एक हिंदुस्थानी नोकर. तो मी. लंडनमधली माझी उमेदीची सगळी वर्षं ट्रे धरण्यात गेली. लाज? मुळीच नाही. पण कॅमेऱ्याने एकदा तरी आपल्याला जवळून बघावं, असं वाटतंच की नाही?

अखेर तसा प्रसंग मिळाला. साहेब मरतो आणि त्याचा इमानी नोकर पायाशी बसून रडतो. पडद्यावर फक्त माझा चेहरा. आणि आदल्याच दिवशी सकाळी गावाहून फोन आला — अण्णा गेले. माझे वडील. थोरल्याने येऊन अग्नी द्यावा म्हणून त्यांना बर्फावर ठेवलं होतं. धाकटा भाऊ वसंता एवढंच म्हणाला, "दादा, तू निघ. आम्ही थांबतो."

संध्याकाळी मी कळवलं — कंपनी सोडत नाही. अग्नी वसंताने दिला.

आता म्हातारपणी मी दुबईत त्याच्याकडेच राहतो, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाने बर दुबईच्या एका हॉलमध्ये माझा सत्कार केला आणि नेमका तोच प्रसंग लावला. साहेबाचे पाय धरून नोकर पुटपुटतो, "अण्णा, उठा ना." दिग्दर्शक म्हणाला होता, तुझ्या भाषेत काहीही बोल, कुणाला कळतंय? त्या हॉलमध्ये मात्र सगळ्यांना कळलं. वसंताची नात माझ्या कानाशी म्हणाली, "आजोबा, दॅट वॉज सो रिअल!"

वसंताने माइक घेतला. "सॉरी हं, जरा इमोशनल होतोय. त्या गोऱ्यांनी माझ्या दादाला बापाच्या अंत्यविधीलासुद्धा सोडलं नाही. हे रडणं आमच्या अण्णांसाठी आहे. खलास, पुढे बोलवत नाही मला."

टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

आता खरं ऐका. कंपनीने मला सोडलं होतं. प्रॉडक्शनच्या बाईंनी विमानाचं तिकीट काढून माझ्या हातात ठेवलं होतं, प्रसंग पुढे ढकलायलाही ते तयार होते. मीच नको म्हटलं. परत येईपर्यंत तो हुंदका ताजा राहिला असता का? अण्णांच्या वाटचं रडणं मी एका खोट्या साहेबाच्या पायाशी घातलं — आणि त्या भल्या माणसांना आमच्या घरात इतकी वर्षं शिव्या पडत राहिल्या, त्या मी निवांत ऐकल्या.

पण ते काम उत्तम आहे. माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच. पुन्हा तशी वेळ आली तर? मी तेच करेन. नाही म्हणून कुणाला फसवू?

वसंता हे वाचेल. वाचू दे. मग एवढंही वाचू दे — पहिल्याच टेकला दिग्दर्शक खूश होता. सेटवरची माणसं डोळे पुसत होती, दिवे विझवायला लागली होती. "अजून एकदा घेऊ," मी म्हणालो.

पडद्यावर दिसतो तो दुसरा टेक.