गरम शर्टांची चळत

ग्वाल्हेरातल्या किला गेटजवळच्या त्या छपाईवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. राज्याचे दोन भाग झाले आणि आमच्या ऑफिसातले नऊ जण रायपूरला निघाले. निरोपाच्या सामन्यासाठी लाल पॉलिएस्टरच्या शर्टांवर पांढऱ्या अक्षरांत ‘ग्वाल्हेर’ छापायचं काम मी त्याला दिलं.

छापलेल्या प्रत्येक शर्टावर तो तळहात ठेवून ऊब बघायचा. “भाऊसाहेब, गरम आहेत अजून. एकावर एक ठेवले तर लाल रंग पांढऱ्यात चढेल. जरा रुको.”

मला घाई होती. तो आत वळताच मी शर्टांची चळत बांधली आणि स्कूटरवर टाकून निघालो.

सकाळी अक्षरं गुलाबी! ऑफिसात हशा झाला. मी चार जणांना घेऊन दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, “हलकी शाई मारलीत तुम्ही!”

त्याने अक्षरांवरून अंगठा फिरवला, माझ्याकडे एकदाच पाहिलं. “छापलं मी, तर ठीक पण मीच करणार.”

आधी रंग अडवणारा राखाडी थर, त्यावर पांढऱ्याचे दोन पातळ हात, आणि मंद आचेवर वाळवणं. संध्याकाळी मी न्यायला गेलो, तर त्याने शर्ट दिलेच नाहीत. “मी स्वतः आणीन,” तो फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “थंड झाल्यावर.”

सामन्याच्या दिवशी तो सायकलवरून थाटीपूरच्या मैदानावर आला. अक्षरं पांढरीशुभ्र होती, बोटाला कुठे खरखर नव्हती. “आता शिकला बघा!” कुणीतरी म्हणालं. त्याने सायकल वळवली, मी शर्ट वाटू लागलो.

चळत मी बांधली होती.