मामाचं नाव सुटलेल्या पत्रिका

तुळशीच्या लग्नानंतरचा शनिवार, चौदा हजार रुपयांचं काम, आणि सांगलीत साडूच्या छपाईच्या शेडमध्ये साडू, माझी बायको आणि मी. ताज्या शाईचा वास आला की तो दिवस आठवतो. कराडला माझी स्वतःची प्रेस असताना बायकोनं आमच्या मुलीच्या लग्नपत्रिका साडूच्या ऑनलाइन दुकानातून मागवल्या होत्या. "तुमच्या भरवशावर ऱ्हायलं तर पोरगी सासरी जाऊन म्हायेरी ईल, तवा पत्रिका निघतील," असं वर ऐकवलंही होतं. आटपाडीपासून फलटणपर्यंतची कामं साडूला फोनवर येत होती, ते मला आधीच सलत होतं. पत्रिकांचा गठ्ठा उघडून बघतो तर पत्रिकेवर मुलीच्या मामाचंच नाव नाही! मला आतून गुदगुल्या झाल्या. माझ्याकडं असं झालं की मी आरडाओरडा करतो आणि कामगार पुढची चूक लपवतात. साडू मात्र जुना कबड्डीपटू, राज्याच्या संघातला. त्यानं आपल्या सगळ्या कामगारांना मशीनपाशी गोळा केलं आणि शांतपणे विचारलं, "साखळीत हात कुणाचा सुटला रं?" मशीनवाल्यानं लगेच हात वर केला. "आवं दादा, पकड एकट्याची नसती," साडू मला म्हणाला, "हरलेला डाव समद्यांनी मिळून बघायचा आन् पुढं खेळायचं." आमची जेवणं होईस्तोवर नव्या पत्रिका तयार होत्या. बायको माझ्याकडं बघून नुसती हसली. साडू सवलत देत होता, ती मी घेतली नाही. पुरे चौदा हजार त्याच्या हातावर ठेवले. निघताना मशीनवाल्याला वेगळे पाचशे दिले, कारण माझ्या प्रेसमध्ये तसा हात अजून कुणी वर केलेला नाही.