जयंतमामाचा आग्रह आणि मीनलची नोकरी

नंदा पाटणकरची मीनल नर्स होणार हे कळलं, तेव्हा आमच्या मंडळातल्या बायकांनी असा चेहरा केला, जसं काही पोरगी घर सोडून सर्कशीत गेली. गणपतीच्या आरतीनंतर पेपर प्लेटमधला शिरा चिवडत एकीने मला विचारलं, "नर्स? अगं, पण मार्क्स तर चांगले होते ना तिचे?"

मी म्हटलं, "हो, म्हणूनच घेतलं तिला."

"तसं नाही गं अलका..."

तसंच होतं. मँचेस्टरच्या मराठी माणसांत तेव्हा पोराबाळांना दोनच कामं शोभायची, डॉक्टर आणि डेंटिस्ट. ज्याला तेही झेपलं नाही, तो अकाउंटंट. नर्सने फक्त आपण आजारी पडलो की धावत यायचं, बाकी वेळी दिसायचं नाही.

मीनल काही कुणी मोठी हस्ती नाही बरं का. इथेच जन्मली, इथेच वाढली. बुटकी, जाड चष्मा, चालताना बूट घासणार. तिचं मराठी ऐकून मला आधी हसू येतं आणि मग दया. "मावशी, तुझी चहा थंड झाला," म्हणते. पण पोरगी चिकट. माझ्या नवऱ्याचा पाय मोडला होता, तेव्हा शाळा सुटली की आमच्याकडे यायची आणि त्याला जिना चढायला लावायची. तो शिव्या घालायचा, ही म्हणायची, "काका, अजून एक पायरी." त्याच्या शिव्या तिला कळायच्या नाहीत, हे एक बरं होतं. आज तो माणूस चालतो तो डॉक्टरमुळे नाही, हिच्या कटकटीमुळे.

तर ही त्र्याण्णवची गोष्ट. मी त्याच हॉस्पिटलात आउटपेशंटच्या रिसेप्शनला होते, म्हणून मला सगळं बसल्या जागी कळायचं. पूर्वी तिथे साधा कारभार होता. तुम्ही त्याच हॉस्पिटलात ट्रेनिंग केलंत, पास झालात, की तुमचा वॉर्ड तुम्हाला सांगायचे, तुम्ही जायचं. मग हॉस्पिटलचं ट्रस्ट झालं. म्हणजे भिंती त्याच, गळणारं छत तेच, फक्त कार्पेटवाली एक लांबच लांब ऑफिसची रांग उभी राहिली आणि पेशंटला 'कस्टमर' म्हणायला लागले. आता नव्या पास झालेल्या पोरींनी बाहेरच्यासारखा फॉर्म भरायचा, इंटरव्ह्यू द्यायचा. जागा मोजक्या, आणि मुलांच्या वॉर्डला तर एकच. मीनलला तीच हवी होती. ट्रेनिंगमधलं शेवटचं प्लेसमेंट, म्हणजे वॉर्डवरचं काम, तिने तिथेच केलं होतं, दुसरं काही तिला दिसतच नव्हतं. ती जागा हुकली तर लांब दक्षिणेला, ब्रॅकनेलला आत्याकडे राहून तिकडच्या म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये काम करायचं, असं घरात ठरलेलं. मीनल म्हणायची, "मावशी, मी ब्रॅकनेलमध्ये मरणार." मी म्हणायचे, "ब्रॅकनेलमध्ये कुणी मरत नाही गं, तिथे आधीच सगळं शांत असतं."

आता जयंतराव. नंदाचा मामेभाऊ, म्हणजे मीनलचा मामा. टाउन हॉलमध्ये टॅक्सच्या काउंटरमागे बसायचा आणि तेवढ्या जोरावर ब्रिटिश सरकार आपणच चालवतो असा त्याचा समज. मीनलच्या इंटरव्ह्यूची तयारी अर्थातच त्याने अंगावर घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. नंदाच्या फ्रंट रूममध्ये सोफ्यावर पाय पसरून बसायचा, आणि पोरीला समोर स्टुलावर.

"हं. व्हाय नर्सिंग?"

"बिकॉज आय लाइक इट, मामा."

"लाइक इट! भजी आहेत का ती? 'फ्रॉम माय चाइल्डहुड' म्हणायचं. पुढे?"

"पुढे काय?"

"पुढे 'ड्रीम' म्हणायचं. नंदा, हिला काही शिकवलं नाहीस तू."

नंदा बिचारी स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, चहा ठेवू का?"

मी तिथेच बसून मटार सोलत होते. म्हटलं, "जयंतराव, तुम्ही स्वतः शेवटचा इंटरव्ह्यू कधी दिलात?"

"आम्हाला वेगळ्या पद्धतीने घेतलं होतं," म्हणाला. असणारच.

त्याचा एकच सिद्धांत. "अलकाताई, जगात कुठेही जा. दारावर नियम लिहिलेले असतात आणि आत ओळख बसलेली असते." हे तो नंदाकडे दर रविवारी जेवायला यायचा तेव्हा ऐकवायचा, आणि आम्ही ऐकायचो, कारण तो दुसरा घास घेईपर्यंत बोलायचं थांबायचा नाही. मीनल तेवढी म्हणायची, "मामा, तू माझ्यासाठी काही करू नको."

त्यातल्या एका रविवारी तो जेवायला आलाच नाही. का ते आम्हाला नंतर कळलं. नर्सिंगची मोठी मॅनेजर मिसेस हॅलवर्थ, जी इंटरव्ह्यू घेणार होती, ती जयंतरावाच्याच रस्त्याच्या टोकाला राहायची. गल्लीवर लक्ष ठेवणाऱ्या रहिवाशांच्या, नेबरहुड वॉचच्या मीटिंगमध्ये दोघांनी एकदा चोरांबद्दल चर्चा केली होती. झाली ओळख! हा गृहस्थ आपल्या मिठाईवाल्यांच्या वस्तीत, रशोमला जाऊन काजूकतलीचा मोठा डबा घेऊन आला, टाय बांधला आणि रविवारी दुपारी न सांगता तिच्या दारात उभा राहिला. इंग्रज माणसाच्या दारात रविवारी न सांगता एक तर पोलीस जातात, नाहीतर धर्मप्रचारक. बाई बागेतून आली, हातात मातीचे ग्लोव्ह्ज.

हा म्हणाला, "माय नीस इज कमिंग थर्सडे. प्लीज लुक आफ्टर."

ती म्हणाली, "हाऊ काइंड. पण मला हे घेता येणार नाही."

आता तुम्ही मला सांगा, आपल्यात कुणी पहिल्या झटक्यात 'घेते' म्हणतं का? माझी सासू तर लाडू हातात धरूनसुद्धा 'नको' म्हणायची. जयंतरावाला वाटलं, बाई संस्कारी दिसते. त्याने आग्रह केला. ती पुन्हा नको म्हणाली. त्याला आणखी आनंद झाला. तिसऱ्यांदा नको म्हणून तिने दार लावलं, तेव्हा हा डबा पायरीवर ठेवून, नमस्कार करून परत आला. काम फत्ते. आणि कुणाला बोलला नाही, का, तर 'जागा मिळाली की सांगू'.

त्या फॉर्मवर स्पष्ट छापलेलं होतं, की उमेदवाराने किंवा त्याच्या वतीने कुणी शब्द टाकला, तर अर्ज बाद.

गुरुवार उजाडला. मीनल माझ्या डेस्कसमोरून वर गेली. नंदाने तिला दही-साखर दिली होती, त्याचा एक ठिपका ब्लाउजवर. मी पुसला. वरच्या मजल्यावर खुर्च्यांवर पोरी बसलेल्या. मी फायली पोचवायच्या निमित्ताने एक चक्कर मारली, तेवढ्यात मिसेस हॅलवर्थ खोलीतून बाहेर आली आणि एका सोनेरी केसांच्या पोरीला म्हणाली, "जोॲनी, लव्ह, मम कशी आहे? गुडघा बरा आहे ना तिचा?" मग दोघींनी गुडघ्यावर बरंच बोलून घेतलं. हे शब्द टाकणं नव्हे हं. हे मॅनर्स. डबा नव्हता ना मध्ये.

मीनलचा नंबर आला. आत तिघं. मिसेस हॅलवर्थ, मुलांच्या वॉर्डच्या आयरिश सिस्टर बर्क, आणि नोकरभरती बघणारा, पर्सनेलचा मिस्टर डेंटन. हा डेंटन आधी बिस्किटांच्या कंपनीत होता आणि अजूनही पेशंटकडे बिस्किटासारखाच बघायचा, किती मोडले आणि किती धड. टेबलावर पाण्याचा जग आणि त्याच्या शेजारी लाल रिबिनीचा डबा. मीनलने त्यावरचं रशोमच्या दुकानाचं नाव वाचलं आणि तिला मामा आठवला. आतलं हे सगळं तिने मला बाहेर आल्यावर सांगितलं.

डेंटनने विचारलं, "मिस पाटणकर, हे काय आहे?"

"काजूकतली," मीनल म्हणाली. खोटं कसं बोलणार? होतीच ती.

"हे मिसेस हॅलवर्थच्या घरी तुमच्या मामांनी नेऊन ठेवलं. त्यांनी तीनदा नकार दिला होता."

मीनलला खरंच माहीत नव्हतं. तसं तिने सांगितलं. मग म्हणाली, "तीनदा नकार दिला, म्हणूनच ठेवलं असणार. आमच्याकडे पहिलं 'नको' म्हणजे नको नसतं. दुसरंही नसतं. समोरच्याने पुन्हा विचारायचं असतं."

सिस्टर बर्क खुर्चीत हलली. "आमच्या आईकडे पण असंच," म्हणाली. "आयर्लंडात, आमच्या कॉर्कमध्ये पहिल्यांदा विचारल्यावर चहा घेतला, तर वर्षभर त्या घराची नाचक्की."

डेंटन म्हणाला, "पॉलिसीत असा काही अपवाद नाही."

बाई गं, तो कॉर्कला पण पॉलिसी लावणार होता! पण मीनल एकदा चिकटली की सुटत नाही. ती म्हणाली, "वॉर्डवर मी हेच बघितलं. एका छोट्या मुलाची आई होती, बांगलादेशातल्या सिल्हेटची. तिला कुणीतरी एकदा विचारलं, फोल्डिंग बेड हवाय का? ती नको म्हणाली. मग कुणी विचारलंच नाही. ती खुर्चीतच झोपायची. मी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, तेव्हा बेड घेतला तिने. आणि रडली."

डेंटनने लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे, बहुतेक 'बेड'.

तिघांनी तिला बाहेर बसवलं. आत आवाज चढलेला, सिस्टर बर्कचा. मग डेंटनने दारात येऊन, थोडं नमतं घेतल्यासारखं सांगितलं, की उमेदवाराला माहीत असेल तर अर्ज बाद. माहीत नसेल, तर तसं त्या गृहस्थांनी स्वतः येऊन सांगायला हवं, आजच, पाचच्या आत, कारण पाचला कागद सह्या होऊन जातात.

पोरगी जिना उतरून माझ्या डेस्कवर आली. रडली नाही, नाकाचा शेंडा फक्त लाल. "मावशी, फोन." मी फोन सरकवला. जयंतराव टाउन हॉलमधून बोलला, आणि मला या बाजूने ऐकू येत होतं, कारण हा माणूस फोनवर बोलतो म्हणजे फोनची गरजच नसते.

"अगं, सांग त्यांना, शेजारी म्हणून दिला! नाताळचा!"

"मामा, सप्टेंबर आहे."

"मग दिवाळीचा म्हण."

"मामा, खरं सांगायचा असेल तर ये. नाही तर येऊ नको."

मी एवढ्या वर्षांत त्या घरात कुणाला जयंतरावाशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. नंदाला तर चक्करच आली असती.

तो आला. टॅक्सी करून आला! जयंतराव, जो दोन स्टॉप आधी उतरून चालतो. कपाळावर घाम, टाय कानाखाली. मीच त्याला वर घेऊन गेले आणि दार लावायचं माझ्याकडून राहून गेलं.

आत जाऊन त्याने सुरुवात केली ती सिस्टीमपासून. मी टाउन हॉलमध्ये आहे, मला प्रोसीजर माहीत आहे, आपण दोघेही पब्लिक सर्व्हंट, वगैरे. डेंटन घड्याळाकडे बघायला लागला. तेव्हा सिस्टर बर्कने गोड आवाजात विचारलं, "सर, तुमच्या काउंटरवर कुणी असा डबा घेऊन आलं, तर तुम्ही काय करता?"

"आय रिपोर्ट हिम!" जयंतराव ताठ होऊन म्हणाला. "अगेन्स्ट रेग्युलेशन! एका माणसाची फाइलच बंद करायला लावली मी!"

आणि मग त्याने स्वतःचंच वाक्य ऐकलं.

मी दाराच्या फटीतून त्याचे कान बघत होते. असे लाल झालेले कान मी कधी पाहिले नाहीत. माणूस वीस वर्षं नियमांच्या आतल्या बाजूला बसला आणि नियम बाहेर उभ्या असलेल्यांसाठीच असतात असं समजून राहिला. आपल्या भाचीसाठीचा डबा म्हणजे डबा नव्हे, माया! दुसऱ्याचा तो लाच. बरं, हसू कुणावर? तिकडे मिसेस हॅलवर्थही टेबलाकडे बघत होती, आणि मला वाटतं, तिला जोॲनीच्या आईचा गुडघा आठवला असावा. निदान आठवायला हवा होता.

शेवटी जयंतराव हळू आवाजात म्हणाला, "द गर्ल डिड नॉट नो. माझी चूक. तिने मला सांगितलं होतं, काही करू नको. मीच ऐकलं नाही." इंग्लिशमध्ये माफी मागताना तो एकदम लहान दिसला. पोटसुद्धा आत गेलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मुलांचा वॉर्ड, मीनल पाटणकर. जोॲनीला दुसरीकडे सर्जिकलला घेतलं, तीही रडली नाही, गुडघे मजबूत असलेलं घराणं. सिस्टर बर्कने मीनलला सांगितलं म्हणे, की बाकी सगळ्या उमेदवार 'मला मुलं फार आवडतात' म्हणाल्या, ही एकटीच आयांबद्दल बोलली. नंदाने मला फोन केला, मग मंडळातल्या त्या शिऱ्यावालीला, आणि ती बया म्हणाली, "अरे वा, म्हणजे मुलांची डॉक्टरच जवळजवळ!" मी तिला सांगायला गेले नाही. काहींना न सांगितलेलंच बरं.

जयंतरावाला मीनलने सगळ्यांत शेवटी सांगितलं. मुद्दाम. तो रविवारी जेवायला आला, दोन दिवसांची दाढी, जरा शांत. पोळी मोडली, आमटीत बुडवली, आणि बोललाच.

"बघ मीनल, शेवटी मी आलो म्हणूनच झालं."

मीनलने न विचारता त्याला आणखी एक पोळी वाढली, कारण त्या माणसाच्या आयुष्यात एकदाच असं झालं होतं, की तो म्हणत होता ते अगदी खरं होतं.