जावईबापूंना बस लागते

लिंबूभाऊंना हे नाव बसमुळे मिळालं. लहानपणी गावाला जायचं ठरलं की भावंडं कपडे भरायची आणि हे पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधून, मुठीत लिंबू धरून तयार व्हायचे. पुढची सीट, उघडी खिडकी, नाकाशी लिंबू, एवढा बंदोबस्त करूनही दुसऱ्या वळणाला जे व्हायचं ते व्हायचंच. शाळेच्या सहली गेल्या, नातेवाइकांची वऱ्हाडं गेली, हे घरी राहिले. खेळात एखादा लिंबूटिंबू असतो, आउट झाला तरी त्याला कुणी मोजत नाही, तसं त्यांचं घरात झालं. हातातलं लिंबू नावात कधी शिरलं ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

अशा माणसाच्या नशिबी सासरा कोण यावा, तर बस डेपोतला कंट्रोलर. सासरेबुवांनी उभा जन्म काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवरून गाड्या सोडल्या होत्या. आवाज असा, की घरात मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांनी सामान उचलून उभं राहावं. लग्नाच्या दिवशी नवरदेव बसमधून उतरले ते पांढराफटक चेहरा घेऊन, तोंड घट्ट मिटून. सासरेबुवांनी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, की हा मुलगा बोलतो ना? मुलगी नर्स होती. तिने असे चेहरे रोज पाहिले होते, ती म्हणाली बोलेल, आधी पाणी द्या.

पुढे या नर्सबाईंना परदेशातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी लागली आणि लिंबूभाऊ त्यांच्याबरोबर गेले. बायकोचा पदर धरून गेला, असं नातेवाईक म्हणाले. नातेवाईक दुसरं काय म्हणणार? लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत संसार थाटला. लिंबूभाऊ स्वयंपाक करत, भांडी घासत, तिथली भाषा शिकायला वर्गात जात आणि जिन्यात भेटणारे त्यांना नर्सबाईंचे मिस्टर म्हणून ओळखत. दर रविवारी सासरेबुवांचा फोन यायचा. मुलीची खुशाली झाली की त्यांचा आवाज भिंती ओलांडून विचारायचा, "जावईबापूंना काही लागलं का?" म्हणजे नोकरी. लिंबूभाऊ तेवढ्यात नळ सोडून भांडी घासायला लागायचे.

शेवटी लागली. तीही कुठे, तर सहली नेणाऱ्या कंपनीत. काम फोनवरचं होतं. तिसऱ्या मजल्यावर, कॉफीच्या मशीनला खेटून टेबल, समोर भिंतभर डोंगराचं पोस्टर आणि त्या डोंगरावर आतड्यासारखा वळत गेलेला रस्ता. तो बघितला की लिंबूभाऊंच्या पोटात कालवायचं आणि दिवसभर ते तोच रस्ता लोकांना विकायचे. विकायचे मात्र फार छान. कुठे बसलं की हवा लागते, कुठली सीट चाकावर येते, कुठल्या वळणाआधी काही खाऊ नये, हे फोनवर इतक्या कळवळ्याने सांगणारा माणूस त्या कंपनीला आजवर मिळाला नव्हता.

आता यातली गंमत सांगायची तर आधी आपल्या भाषेचा एक खोडसाळपणा सांगावा लागेल. आपल्याकडे काय वाट्टेल ते लागतं. भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, नोकरी लागते. चहा लागतो म्हणजे तो हवा असतो आणि बस लागते म्हणजे ती अजिबात नको असते. आपल्याला हे आईच्या दुधाबरोबर कळतं. शब्दकोशाला कळत नाही.

एके दिवशी मालकीणबाईंनी लिंबूभाऊंना केबिनमध्ये बोलावलं. आपल्या भाषेतले प्रवासी आता खूप यायला लागले होते. त्यांच्याबरोबर बसमधून जाणारा, माइकवर माहिती सांगणारा माणूस हवा होता. त्यांनी विचारलं, तुम्ही जाल का, काही अडचण? लिंबूभाऊंना घाम फुटला. बायको ड्यूटीवर होती, विचारणार कुणाला. त्यांनी मनातल्या मनात वाक्य जुळवलं, मला बस लागते. परवाच वर्गाच्या अभ्यासासाठी शब्दकोशात 'लागणे'चा प्रतिशब्द शोधला होता, तो घातला आणि एकेक शब्द सुटा करून, पोटावर हात ठेवून, अगदी काकुळतीने ते वाक्य म्हणून टाकलं.

तिथल्या भाषेत त्याचा अर्थ झाला, मला बस हवी, बसशिवाय माझं चालत नाही. तेही पोटातून.

मालकीणबाई खुर्चीतून उठल्या. आजवर या ऑफिसात लोकांनी त्यांच्याकडे रजा मागितली होती, खिडकीजवळची जागा मागितली होती, नवी खुर्ची मागितली होती. बस कुणी मागितली नव्हती. त्यांनी लिंबूभाऊंचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. लिंबूभाऊंना वाटलं, किती दयाळू बाई आहे, तिच्याही घरात कुणाला तरी लागत असणार.

दुसऱ्या दिवशी टेबलावर निळा कोट आला. खिशावर कंपनीचं चिन्ह, आणि त्याखाली लिंबूभाऊंचं नाव, दोऱ्याने भरलेलं. ऑफिसातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी तो कोट बघून आणि झालेलं संभाषण ऐकून बायको इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसून म्हणाली, उद्या जाऊन खरं काय ते सांगून टाक.

ते सांगायला गेलेही होते. पण फोनच्या खुर्चीवर तोवर नवीन मुलगी बसली होती. मालकीणबाईंनी पहिल्या सहलीला स्वतः येणार असल्याचं सांगितलं. एक दिवसाची सहल, डोंगरावरच्या तळ्यापर्यंत. नीट पार पडली तर कायमची नोकरी, नाहीतर मग बघू. हे 'बघू' जगातल्या कुठल्याही भाषेत सारखंच असतं. म्हणजे गाशा गुंडाळायचा. लिंबूभाऊंनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांची नजर कोटावरच्या नावावर गेली. नर्सबाईंचे मिस्टर असं त्यावर लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं.

संकट कधी एकटं येत नाही, नातेवाइकांना घेऊन येतं. त्याच आठवड्यात सासरेबुवा लेकीकडे राहायला आले. लेक इतकी वर्षं नवऱ्याला अरे म्हणायची, ती वडिलांसमोर एकदम अहो म्हणायला लागली आणि लिंबूभाऊंना घरात कुणी पाहुणा आल्यासारखं वाटायला लागलं. जावई बस घेऊन निघालेत हे कळल्यावर सासरेबुवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, मीही येतो. आम्ही गाड्या कशा सोडल्या आणि तुम्ही कशा नेता, बघू तरी.

सहलीच्या सकाळी लिंबूभाऊ उपाशीपोटी निघाले. शर्टाच्या आत वर्तमानपत्र, कोटाच्या खिशात लिंबू. ड्रायव्हर अबोल होता. त्याने नुसती शेजारची घडीची सीट दाखवली. मागे आपले प्रवासी चढले आणि चढताचढता खिडकीवरून भांडले. तिसऱ्या रांगेत, बरोबर चाकावर, सासरेबुवा बसले. मालकीणबाई त्यांच्या पलीकडे.

बस हलली, पोट हललं आणि घाबरून लिंबूभाऊंनी माइक ओढला. बोलायला लागले. आणि चमत्कार असा, की बोलत होते तोवर पोट गप्प होतं. दम घ्यायला थांबले की ते वर यायचं. मग काय, त्यांनी थांबणंच सोडलं. पूल आला, पुलाबद्दल बोलले. गाई दिसल्या, गाईंबद्दल बोलले. माहिती संपली तेव्हा इथे आल्यावर दूध समजून केस धुवायचं औषध कसं विकत आणलं आणि त्याचा चहा कसा केला ते सांगितलं. प्रवासी हसून लोळायचे बाकी राहिले. भांडणारे एकमेकांना खिडकी द्यायला लागले. मालकीणबाईंना शब्द कळत नव्हता, पण हसणं कळत होतं. हसत नव्हता तो एकच माणूस. सासरेबुवा समोरच्या सीटच्या पाठीकडे टक लावून ताठ बसले होते.

घाट सुरू झाला. बोलता बोलता लिंबूभाऊंनी पुन्हा तिकडे पाहिलं. आपल्यावर रागावले असतील, हा पहिला विचार. मग त्यांना दिसलं, की सासरेबुवांना जांभयांवर जांभया येताहेत, वरच्या ओठावर घाम आहे आणि ते सारखे गिळताहेत. या विषयात लिंबूभाऊंचा अभ्यास दांडगा होता. माइक सीटवर ठेवून ते दोन ढांगांत तिसऱ्या रांगेशी गेले आणि वाकले.

"अप्पा, लागतेय का?"

"काय लागतंय? काही नाही लागत." हे बोलताना सासरेबुवांचा आवाज प्रथमच शेजारच्या माणसालाही ऐकू गेला नाही. मग वळण आलं. "हो," ते म्हणाले.

लिंबूभाऊंना सगळं स्पष्ट दिसत होतं. पुढची सीट सोडली, तर माइक सुटला. माइकची वायर तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नव्हती. माइक सुटला तर बोलणं बंद, बोलणं बंद तर पोट, आणि पोटाबरोबर नोकरी, कोट, नाव, सगळं मालकीणबाईंच्या डोळ्यांदेखत. त्यांना त्या म्हाताऱ्याचा क्षणभर रागही आला. आयुष्यभर टोमणे मारले आणि आजच यांना लागायची होती. पण ज्याला लागते त्याचं दुःख ज्याला लागते त्यालाच कळतं. त्यांनी सासऱ्यांना दंडाला धरून उठवलं, पुढच्या सीटवर बसवलं, शर्टातलं वर्तमानपत्र काढून दिलं, मुठीत लिंबू ठेवलं. "लांब बघा, रस्त्याकडे. गिळू नका," म्हणाले आणि स्वतः चाकावरच्या सीटवर जाऊन बसले.

घाटात थांबायला जागा येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. उघडणं शक्यच नव्हतं. जागा आली, दार उघडलं, आणि सासरे-जावई एकामागोमाग उतरून कठड्याशी गेले. दोघांनी शेजारी शेजारी वाकून, एकमेकांची पाठ चोळत, जे करायचं ते केलं. लग्नानंतर इतके जवळ ते कधीच आले नव्हते.

मालकीणबाई पाण्याची बाटली घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला तर बस हवी होती ना? लिंबूभाऊंनी तोंड पुसलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. शब्दकोशासकट. सासरेबुवांना भाषा येत नव्हती, पण जावई कुणासमोर मान खाली घालून उभा आहे हे कळायला भाषा लागत नाही.

"काय म्हणताहेत त्या? नोकरीचं काही आहे का?" त्यांनी विचारलं. लिंबूभाऊंनी मान डोलावली. "मग त्यांना माझं सांगा. म्हणावं, मला लहानपणापासून लागते. कुणाला सांगितलं नाही. कंट्रोलर झालो तो याच्यासाठी, की गाड्या सोडायच्या, चढायचं नाही. हजारो ड्रायव्हर-कंडक्टर बघितले. पण लागत असून चढणारा, आणि चढून वर आपली सीट दुसऱ्याला देणारा, हा एकच बघितला. सांगा."

आता स्वतःची एवढी स्तुती स्वतःच्या तोंडाने कशी सांगायची? लिंबूभाऊ अवघडले. ते म्हणतात, इथली हवा चांगली आहे, असं त्यांनी मालकीणबाईंना सांगितलं. एवढ्या हवेला एवढे शब्द लागतात का, असं बाईंनी विचारलं आणि त्या हलल्या नाहीत. मग लिंबूभाऊंना कठड्याकडे बघत सगळं सांगावं लागलं.

तळं सगळ्यांनी पाहिलं. परतीला सासरेबुवा पुढेच बसले, आणि लिंबूभाऊ पायरीवर उभे राहून, माइक धरून, गाव येईपर्यंत बोलत राहिले. उतरल्यावर त्यांनी कोट काढला, डाग आत येईल अशी घडी घातली आणि मालकीणबाईंपुढे धरला. बाईंनी तो घेतला नाही. फोनवरची जागा पुन्हा करून देता येईल, म्हणाल्या. चांगली, खिडकीजवळची. काय हवं ते सांगा.

नेमका शब्द आता लिंबूभाऊंना येत होता. बायकोने तो आठवडाभर घोकून घेतला होता, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. त्यांनी तो वापरला नाही. तेच जुनं वाक्य, तसंच एकेक शब्द सुटा करून, ते परत म्हणाले. या खेपेला पोटावर हात नव्हता.

मग कोट धुऊन आणा, बाई म्हणाल्या, मंगळवारी दुसरी सहल आहे. आणि ड्रायव्हरला त्यांनी माइकची वायर लांब करून घ्यायला सांगितलं.

रविवारी गावाकडून सासरेबुवांच्या भावाचा फोन आला. लिंबूभाऊ सवयीने नळाकडे गेले. नळ सोडला तरी ऐकू यायचं ते आलंच, कारण आवाज परत पूर्वीसारखा झाला होता.

"जावयांचं विचारतोस? लागली, लागली. बस लागली." पलीकडचा बहुधा हसला. "हस. मलाही लागते, तुला माहीत नाही. फरक एवढाच, ते चढतात."

लिंबूभाऊंनी नळ बंद केला.