चेहऱ्याचं माप

माझे दात गेले तेव्हा मी एकटीच राहत होते. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. सिंदी मेघेतल्या दोन खोल्यांत मी बायांचे ब्लाउज शिवायची. हिरड्यांचं दुखणं जुनंच, पण नवऱ्याच्या आजारपणात तिकडं बघायला सवड झाली नाही. दात हलायला लागले, मग एकेक काढत गेले. शेवटचे चार तर एकाच दिवशी.

दात गेले की खाण्याचे हाल होतात, हे ऐकून होते. चेहरा जातो, हे कोणी सांगितलं नव्हतं. ओठ आत वळले, गाल बसले, हनुवटी नाकाकडं सरकली. जन्मभर दोरा दातानंच तोडलेला. आता तोंडाशी नेलेला दोरा नुसता ओला व्हायचा. माप द्यायला आलेल्या बायांशी मी तोंडावर पदर धरून बोलायची.

"काऊन बाई, दाढ दुखून राह्यली का?" त्या विचारायच्या.

हळूहळू मी शिलाई घेणंच कमी केलं. मुलानं व्हिडिओ कॉल केला की फोन वर धरायची.

"आई, नुसतं कपाळच दिसून राह्यलं."

"नेटवर्क नाई रे," मी म्हणायची.

दिवसचे दिवस माझ्या घरात मशीनचाही आवाज नसायचा. शेवटी एक दिवस उठले आणि सावंगीला दातांच्या कॉलेजात गेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. हाडात स्क्रू बसवून पक्के दात लावता येतात, पण माझं खालचं हाड फार झिजलेलं. ब्रिजला, म्हणजे मधल्या जागेत जोडून बसवायच्या दातांना, शेजारच्या दातांचा आधार लागतो, तो तर एकही उरला नव्हता. राहिली कवळी. ती करायचं काम त्यांनी शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीकडं दिलं.

पहिल्या दिवशी त्या पोरीनं हिरड्यांचं माप घ्यायला साच्यात गुलाबी मसाला भरला आणि तो माझ्या तोंडात दाबून धरला. दुसऱ्या हातानं तिनं माझी हनुवटी सावरली. नवरा गेल्यापासून माझ्या चेहऱ्याला कोणाचा हात लागला नव्हता. डोळे भरून आले.

"दुखतंय का, काकू?" साचा काढल्यावर तिनं विचारलं.

"नाई बेटा. मसाला घशाशी आला."

पुढच्या खेपेला तिनं नाकावर आणि हनुवटीवर पेनानं ठिपके दिले, पट्टीनं अंतर मोजलं. मेणाचे ठोकळे तोंडात बसवून म्हणाली, "साठपासून सत्तरपर्यंत मोजा." मी मोजले; 'स' म्हणताना ठोकळे एकमेकांवर आपटतात का, ते ती बघत होती. निघताना तिनं दात दिसतील असा एखादा जुना फोटो आणायला सांगितलं.

घरी अल्बम काढून बसले. प्रत्येक फोटोत माझं तोंड मिटलेलं. माझे दात पुढं होते; लहानपणी आई सारखी म्हणायची, "दात झाक." एकच फोटो निघाला. बोर धरणावर माकडानं आमची शिदोरी पळवली, तेव्हा नवऱ्यानं काढलेला. त्यात मी खदखदून हसत होते.

"असेच पुढं लावू, की सरळ?" पोरीनं विचारलं.

"सरळच लाव."

पण मेणात लावलेले दात घालून आरशात पाहिलं, तर कोणी परकीच बाई बसलेली. "जरासे पुढं घेता येतील का?" मी भीतभीत म्हटलं. तिनं मेण गरम केलं आणि समोरचे दोन दात किंचित पुढं कलवले.

कवळी मिळाली त्या दिवशी ऑटोतून घरी आले, दिवा लावला आणि आरशापुढं उभी राहिले. ओठ जागेवर आले होते. मुलाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. त्याचा व्हिडिओ कॉल दुसऱ्या दिवशी आला. "छान दिसून राह्यली," तो म्हणाला. तेवढ्यात त्याला दुसरा कॉल आला.

आठ दिवसांनी मी पुन्हा सावंगीला गेले. "खाली टोचते," म्हटलं. टोचत नव्हतं. पोरीनं हिरडीवरून दोनदा बोट फिरवलं.

"जखम तर नाही, काकू."

"मग बरी झाली असन."

बाहेर पेशंट ताटकळले होते, तरी तिनं स्टूल ओढलं. "काय काय खाऊन पाहिलं?" मी सांगत बसले. वरणभात, दुधात कुस्करलेली भाकर. शेंगदाणे अजून नाही. मग तिला कोणीतरी हाक मारली.

"टोचलं तर या हं," उठताना ती म्हणाली.

त्यानंतर मी गेले नाही. ती पास होऊन गावी परतल्याचं कॉलेजात काम करणाऱ्या एका मावशींकडून कळलं. त्या माझ्याकडं ब्लाउज शिवायला टाकायला आल्या होत्या.